आठ पॉइंट एकवीस

मंगळवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी चिंचखेड्याच्या शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, घड्याळ ८.२१ वर थांबले. देवाजीची बैलजोडी तेव्हा शेवटच्या रेषेपासून पाच-सहा हात अलीकडे होती.

जोडी रेषा ओलांडून गेली, धुरकऱ्याने कासरे ओढले, लोकांनी दुपट्टे उडवले. घड्याळाच्या फळ्यावरचे लाल आकडे तसेच राहिले. तीन दिवसांच्या पटातला हा सर्वांत कमी वेळ होता. त्याआधीचा धनराजच्या जोडीचा होता, आठ पॉइंट सेहेचाळीस. तो त्याच दुपारी सव्वादोनच्या सुमारास नोंदला गेला होता.

रेषेवर गुडघ्याच्या उंचीला सुती धागा ताणलेला असतो. बैलांच्या पायांनी तो तुटला की घड्याळ थांबते. धाग्याच्या दोन टोकांना दोन पंच बसतात, एक पटाच्या गावचा आणि दुसरा परगावचा. त्या दुपारी दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट सांगितली: आकडे थांबले तेव्हा धागा शाबूत होता.

घड्याळ अश्वजितचे होते. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे त्याचे टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी बंदी उठून पट पुन्हा भरू लागले तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने हे घड्याळ बनवले आणि तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीत तो दुकानापेक्षा पट भरतात त्या धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्येच जास्त असतो. घड्याळाला एक रिमोट होता, त्यावर दोन बटणे. एकाने आकडे शून्यावर येत. दुसऱ्याने घड्याळ थांबे. जोडी मध्येच वाट सोडून लोकांत घुसली तरच ते वापरायचे. तीन वाजून बारा मिनिटांनी हा रिमोट अश्वजितच्या उजव्या हातात होता आणि ते शेकडो लोकांनी पाहिले होते.

"घडी कोनं थांबवली?" धनराज फळ्यापाशी येऊन म्हणाला. तो ओरडला नाही, म्हणून जास्त लोकांनी ऐकले.

"मी नाई थांबवली, भाऊ."

"मंग का बैलानं थांबवली? रिमोट तुयाच हातात हाय."

"हातात हाय. दाबला नाई."

"सकाळी देवाजीसंग नाश्ता कोनं केला?"

"मी केला. आलुबोंडा खाल्ला. तुमीबी तिथीच होते."

"मी होतो. पन मी त्याच्या बाकावर नवतो बसलो."

लोक हसले. हसणारे कोणाच्या बाजूचे होते ते अश्वजितला कळले नाही. देवाजी बैल झाडाखाली बांधून आला. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"मले तो नंबर नाई पाह्यजे," तो म्हणाला. "पन चोर म्हनून मी घरी जात नाई. काय ते इथीच पाहा."

पट समितीचे अध्यक्ष बापूराव यांनी दोघांच्या मधे उभे राहून पट थांबवला. पटाची जुनी रीत अशी की ज्या वस्तूवरून वाद होतो ती वाद मिटेपर्यंत कोणाच्याच हाती द्यायची नाही. मग ती झेंडी असो की जू. त्याप्रमाणे घड्याळ पोत्यात घातले गेले. पोत्याचे तोंड सुतळीने शिवले. एक गाठ धनराजच्या माणसाने मारली, दुसरी देवाजीच्या. पोते ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि रिमोट बापूरावांच्या बंडीच्या खिशात गेला.

"उद्या दहा वाजता बसू," बापूराव अश्वजितला म्हणाले. "तुले काही सांगाचं असन तर तवा सांगजो. घडीले हात नाई लावाचा."

"हात नाई लावला तर दाखवू कसा?"

"ते तू पाहाय."

येत्या सोमवारी वडशाकडच्या एका गावात पट होता आणि घड्याळ अश्वजितचेच ठरले होते. संध्याकाळी पाच वाजता तिथल्या आयोजकाचा फोन आला. चिंचखेड्याची बातमी पोचली होती. तो रागावला नव्हता. वाद मिटल्याचा चिंचखेड्याच्या समितीचा शिक्क्याचा कागद घेऊन या, एवढेच म्हणाला. नाहीतर आम्ही नागपूरकडून दुसरे घड्याळ बोलावतो. अश्वजितने हो म्हटले. पटाच्या घड्याळाला एकदा नावे ठेवली गेली की ते कोणी पुन्हा बोलावत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्याच्याकडे आकडे असतात त्याच्याकडून लोकांना खऱ्या आकड्याशिवाय दुसरे काही नको असते.

घड्याळ नव्हते, पण तारा मैदानातच होत्या. उजेड असेपर्यंत त्याने जोडी सुटते त्या झेंडीपासून रेषेपर्यंतची सगळी तार हाताने चाचपली. कुठे सोललेली नव्हती. धाग्याचा खटका मीटर लावून तीस वेळा उघडला-मिटला. तिसांपैकी तीस वेळा बरोबर. म्हणजे थांबण्याचा हुकूम तारेतून आला नव्हता, हवेतून आला होता. आणि हवेतून हुकूम देणारा रिमोट त्याच्याच हातात होता. इथपर्यंत आल्यावर तो बांधीच्या धुऱ्याच्या उंचवट्यावर बसून राहिला. आपण नकळत बटण दाबले असेल का, हा प्रश्न त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. अंगठा शून्याच्या बटणावर होता. तो दाबला गेला असता तर आकडे शून्य झाले असते, आठ पॉइंट एकवीस राहिले नसते.

प्रफुल जवळच भोंग्याच्या तारा गुंडाळत होता. पटात माइकवरून बोलायचे काम त्याचे. जोडी सुटली की तो हलगीचे गाणे लावतो, जोडी रेषेजवळ आली की गाणे बंद करून ओरडतो. रात्रीच्या नाटकासाठी ॲम्प्लिफायर तिकडच्या मांडवात न्यायचा होता.

"माया मनात एक हाय," प्रफुल म्हणाला. "तुले राग नाई येनार तर सांगतो."

"सांग."

"मी गानं बंद केलं ना, तवाच तुई घडी थांबली. एकदम संगंच."

"तू तर रोजच बंद करतं."

"होय. पन काल पेटी मायामागं होती. आज जेवनाच्या टायमाले उन्हानं तापून बंद पडली, म्हनून उचलून तुया फळ्याखाली ठेवली. सावली होती तिथी."

पेटीचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा, रिमोट प्रफुलच्या गळ्यात दोरीने लटकत होता. पेटी फळ्याखाली गेल्यापासून तो फळ्याच्या दिशेनेच दाबला जात होता. बिस्किटाएवढा, चपटा, एकवीस रबरी बटणांचा. अश्वजितने तो हातात घेतला, मोबाईलचा कॅमेरा समोर धरला आणि गाणे बंद करायचे बटण दाबले. पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळा ठिपका लुकलुकला. डोळ्यांना न दिसणारा उजेड कॅमेऱ्याला दिसतो. पण त्यावरून रिमोट बोलतो एवढेच कळते. काय बोलतो ते कळत नाही.

त्याच्या स्वतःच्या रिमोटचे आतले पान, म्हणजे सर्किटची पट्टी, त्याने दुकानातल्या भंगाराच्या डब्यातून काढले होते. ते मूळचे कशाचे होते, हे आता आठवत नव्हते. वर त्याने प्लास्टिकची नवी डबी बसवली होती, दोन मोठी बटणे ठेवली होती आणि बाकीची कापून टाकली होती. तेव्हा ते काम त्याला नीटनेटके वाटले होते.

बुधवारी दहा वाजता ग्रामपंचायतीत बापूराव, धनराज, देवाजी, दोन्ही पंच आणि प्रफुल बसले होते. खिडकीत पाच-सात डोकी होती. कोपऱ्यातल्या संगणकावर दाखले काढून देणारी उर्वशी बसली होती. अश्वजितने खिशातून एक वस्तू काढून तिच्यासमोर ठेवली: इअरफोनच्या पिनेला जोडलेली वीतभर वायर, वायरच्या टोकाला जुन्या सेट-टॉप बॉक्समधला काळा सेन्सर, बाजूला रबरबँडने बांधलेले तीन पेन्सिल सेल आणि दोन बारीक रेझिस्टर.

"हे का आनलं?" उर्वशीने विचारले.

"रिमोटचं बोलनं आयकाचं हाय. कॉम्प्युटरच्या मागं गुलाबी भोक असते, माइकचं. त्यात खोचाची."

"कॉम्प्युटर जळला तर बापूरावभाऊ मले जाळतीन."

"म्हनूनच तर हे दोन रेझिस्टर लावले. माइकपक्षा जास्त करंट जात नाई."

आवाज टिपण्याचे फुकटचे सॉफ्टवेअर त्या संगणकात आधीच होते. ग्रामसभेचे भाषण टिपायला ते कोणीतरी टाकले होते. अश्वजितने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दोन पावले मागे झाला.

"मी आता कशालेच हात लावत नाई," तो म्हणाला. "जसा धाग्यावर परगावचा पंच असते, तसा इथी धनराजभाऊनं बसाचं. रिमोट बापूरावभाऊ दाबतीन. पडद्यावर काय दिसते ते धनराजभाऊ वाचतीन. उर्वशीताई लिहीन."

"मले इंग्रजी वाचता येत नाई," धनराज म्हणाला.

"इंग्रजी नाई हाय. लहान का मोठी, एवढंच सांगाचं."

बापूरावांनी आधी अश्वजितचा रिमोट सेन्सरसमोर धरून 'थांबा' दाबले. पडद्यावरच्या सरळ रेषेवर एक बारीक डाग उमटला. उर्वशीने तो ताणून मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा डागाचे दात सुटे झाले. फणीचे दात असतात तसे, पण मधली अंतरे सारखी नव्हती. चौकोनी असायला हव्या त्या लाटा बुडाशी जराशा ओघळलेल्या होत्या. माइकच्या भोकातून अशाच येतात, अश्वजितने सांगितले. त्यांचा आकार पाहायचा नाही, मधल्या जागा पाहायच्या. संगणक एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजतो. सुरुवातीचा लांब ठोका जवळजवळ चारशे मोजांचा. मग दात. दोन दातांतली लहान जागा पंचवीस मोजांची, मोठी पंचाहत्तरची. मधले काही नाही. लहान जागा म्हणजे शून्य, मोठी म्हणजे एक.

धनराजने चष्मा लावला. बोट पडद्यावर ठेवून तो वाचू लागला, उर्वशी पटाच्या पत्रिकेमागे चौकटी आखून भरू लागली.

"लहान. लहान. लहान. लहान... हे सगळी लहानच हाय का बे?"

"पुढं पाहा."

"लहान. लहान. हां, मोठी. आता मोठ्याच मोठ्या."

बत्तीस जागा भरायला सात मिनिटे लागली. पंधराव्या जागेपाशी धनराजची आणि खिडकीतल्या एकाची मोजणी जुळली नाही, म्हणून ती ओळ पुन्हा वाचली. मग बापूरावांनी प्रफुलचा रिमोट घेतला आणि गाणे बंद करायचे बटण दाबले. धनराज पुन्हा पहिल्या दातापासून सुरू झाला. विसाव्या जागेच्या पुढे त्याचा आवाज हळू होत गेला, कारण उर्वशीने आधी भरलेली ओळ त्याच्या नजरेसमोरच होती.

दोन्ही ओळी सारख्या होत्या. बत्तीसच्या बत्तीस.

 मग धनराजने चष्मा काढला.

"सगळेच रिमोट असेच असतीन," तो म्हणाला. "ढोरं सारी सारखीच हंबरतेत."

हा आक्षेप अश्वजितला पटण्यासारखा वाटला. रात्री त्याच्याही मनात तो आला होता.

"तिसरा रिमोट पाह्यजे," तो म्हणाला. "माया नाई, प्रफुलचा नाई."

उर्वशीने खणातून पंचायतीच्या टीव्हीचा रिमोट काढला. त्याचे बटण दाबल्यावर सुरुवातीचा ठोकाच निराळा निघाला, निम्म्याहून आखूड, आणि पुढे दातांची संख्याही जुळेना. धनराजने अकरापर्यंत वाचले आणि थांबला. म्हणाला, "हे येगळं हाय."

मग पोते आणवले. दोन्ही गाठी ज्यांनी मारल्या त्यांनीच सोडल्या. घड्याळ टेबलावर ठेवून चालू केले, आकडे पळू लागले. प्रफुल आठ पावलांवर उभा राहिला आणि त्याने गाणे बंद करायचे बटण दाबले. आकडे थांबले. त्याने पाच वेळा दाबले, पाचही वेळा थांबले.

"म्हनजे चोरी नाई हाय," बापूराव उठता उठता म्हणाले. "दोन रिमोट एका पोटचे निंगाले. देवाजीची जोडी आकडा खोटा म्हनून बाद, धनराजचा पह्यला नंबर. अश्वजित, तुले कागद भेटन. चला, मिटलं."

खिडकीतली डोकी हलली. धनराजने अश्वजितकडे पाहून मान हलवली. माफी नव्हती, पण तिच्या आसपासचे काहीतरी होते. सोमवारसाठी लागणारा कागद उर्वशीच्या टेबलापासून दोन हातांवर होता. अश्वजित गप्प राहिला असता तर अकरा वाजायच्या आत सगळे घरी गेले असते.

"मिटलं नाई, भाऊ," तो म्हणाला.

"आता का रायलं?"

"प्रफुल, पेटी फळ्याखाली कितीक वाजता ठेवली?"

"दीडच्या आसपास. जेवन झाल्यावर."

"त्याच्यानंतर जोड्या किती धावल्या?"

उर्वशीने समितीची यादी पाहिली. "चौदा. देवाजीभाऊची धरून."

"आनि तू प्रत्येकीले गानं बंद केलं."

"केलं," प्रफुल म्हणाला. आपण कशाला हो म्हणतो आहोत हे त्याला बोलल्यानंतर कळले. "पन मी कवा आधी दाबतो, कवा मागून. तोंडात पान असलं तर मागूनच."

"मागून दाबलं तर काई नाई. धागा तुटून घडी आधीच थांबली असते. आधी दाबलं असन तर आकडा खोटा."  पुढचे वाक्य अश्वजितने धनराजकडे न पाहता म्हटले. "चौदाही आकड्यांची ग्यारंटी मी देत नाई. धनराजभाऊचा सव्वादोनचा हाय. तोबी त्यातच येते."

"तू मले बाद करून राह्यला का?" धनराजने शांतपणे विचारले.

"नाई. तुमचा आकडा खरा असन. पन मले ठाऊक नाई, आनि ठाऊक नसताना मी हो कसा म्हनू?"

"कालपर्यंत तू देवाजीचा होता. आज कोनाचा झाला?"

"चूक घडीची हाय, भाऊ. घडी माही हाय. भंगारातलं पान कशाचं हाय ते मी पाह्यलं नाई. तीन वर्सं नाई पाह्यलं."

देवाजीने खिशातून तंबाखू काढला आणि धनराजपुढे धरला. धनराजने घेतला नाही.

जोड्या पुन्हा पळवणे शक्य नव्हते. निम्म्या जोड्या मंगळवारी रात्रीच टेम्पोत बसून आपापल्या गावी गेल्या होत्या, एक तर थेट एटापल्लीकडे. मार्ग उर्वशीने काढला. पटात हातात मोबाईल नसलेला माणूस सापडत नाही. फळा रेषेला लागूनच होता, म्हणजे ज्याने रेषेजवळून व्हिडिओ काढला त्याच्यात धागाही आला असणार आणि आकडेही. आकडे थांबले तेव्हा धागा होता की तुटला, एवढेच पाहायचे. बापूरावांनी चौदाही मालकांना निरोप दिला: व्हिडिओ असेल तर अश्वजितच्या आणि उर्वशीच्या, दोन्ही नंबरांवर पाठवा. पहिला-दुसरा नंबर ठरल्याशिवाय कागद नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. अश्वजितच्या तोंडावर सांगितले. त्यात वाईटपणा नव्हता.

गुरुवारी अश्वजितने दुकानात घड्याळ उघडले. त्याने आतला जुना हुकूम पुसून स्वतःचा नवा बसवला आणि तो लागोपाठ दोनदा ऐकू आल्याशिवाय घड्याळ थांबणार नाही अशी तजवीज केली. मग दुकानातले सत्तावीस रिमोट एकेक करून त्याच सेन्सरसमोर धरले आणि प्रत्येकाच्या ओळी वहीत उतरवल्या. सत्तावीसपैकी चार, निरनिराळ्या आकाराचे, निरनिराळ्या नावांचे, जुन्या हुकमाशी तंतोतंत जुळले. त्यांपुढे त्याने लाल पेनाने खूण केली.

व्हिडिओ येत गेले. तो ते एकेक चित्र पुढे सरकवत पाहत होता. मोबाईल सेकंदाला तीस चित्रे काढतो, म्हणजे एका चित्राची चूक तीन शतांश सेकंदांची. देवाजीच्या व्हिडिओत आकडे थांबल्यानंतर सातव्या चित्रात धागा तुटला. त्याचा खरा वेळ आठ पॉइंट एक्केचाळीस ते आठ पॉइंट सत्तेचाळीस यांच्या मधे कुठेतरी येत होता. धनराजचा आठ पॉइंट सेहेचाळीस त्याच मापात बसत होता. देवाजी दुसरा नक्की होता. पहिला आहे की नाही, हे धनराजचा आकडा खरा होता की घड्याळ त्याच्याही वेळी आधीच थांबले होते, यावर अवलंबून होते.

धनराजच्या धावेचा व्हिडिओ होता. त्याच्या पुतण्याने तो मंगळवारी संध्याकाळी स्टेटसला ठेवला होता आणि प्रफुलने तो पाहिला होता. रेषेजवळूनच काढलेला, फळा स्पष्ट. पण प्रफुलने पाहिला तेव्हा धाग्याकडे लक्ष दिले नव्हते. बुधवारी दुपारनंतर, चोवीस तास व्हायच्या आधीच, तो स्टेटसवरून गेला होता.

शुक्रवारी अश्वजितने फोन केला.

"शोधून राह्यलो," धनराज म्हणाला. "पोराचा मोबाईल बिघडला हाय."

"दुकानात आना. मी दुरुस्त करून देतो."

पलीकडे धनराजने कोंबड्या हाकलल्या.

"तू बोलला नसता तर चाललं नसतं का?" धनराजने विचारले. आवाजात राग नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते.

"मले नसतं चाललं."

"मले चाललं असतं," धनराज म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी चार वाजेपर्यंत चौदापैकी अकरा व्हिडिओ आले होते. नऊंमध्ये धागा आणि आकडे बरोबर जुळत होते, दोहोंमध्ये नव्हते. दोन मालकांनी व्हिडिओ नसल्याचे कळवले होते. वडशाकडच्या आयोजकाने सकाळी विचारणा केली होती. रविवारी दुपारपर्यंत थांबतो, म्हणाला. समितीचा कागद उर्वशीच्या संगणकावर टाइप होऊन तयार आहे. त्यात पहिल्या क्रमांकाची जागा रिकामी आहे आणि खाली बापूरावांची सही नाही. धनराजचा व्हिडिओ अजून आलेला नाही.